गाणं नसतं तेव्हा

गुलजार यांचा 'अचानक' 1973 साली आला. ख्वाजा अहमद अब्बास यांची कथा, विनोद खन्ना फौजी अधिकाऱ्याच्या भूमिकेत. बायकोचा आणि तिच्या प्रियकराचा खून केल्याबद्दल त्याला फाशीची शिक्षा झालेली आहे. तो पळतो, त्याला गोळी लागते, डॉक्टर मंडळी जिवाचं रान करून त्याला वाचवतात. आणि वाचवतात ते पुन्हा फासावर चढवता यावं म्हणून. या सिनेमात एकही गाणं नाही. ज्या काळात गाणी आधी ठरायची आणि गोष्ट त्यांच्याभोवती बेतली जायची, त्या काळातला हा हिंदी सिनेमा. तरीही श्रेयनामावलीत संगीतकाराचं नाव आहे : वसंत देसाई.

गाणं नाही, मग संगीतकाराने केलं काय? आपल्याकडे हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. आपल्या लेखी संगीतकार म्हणजे गाण्याला चाल लावणारा. रेडिओवर गाण्याआधी ज्याचं नाव घेतात तो. पण दोन-अडीच तासांच्या सिनेमात गाणी धरून धरून अर्धा तास. उरलेल्या वेळात पडद्यामागून जे वाजत असतं, किंवा मुद्दाम वाजत नसतं, तेही त्याच माणसाचं काम असतं. देसाई 1975मध्ये गेले. त्यांची गाणी लोकांना तोंडपाठ आहेत. हे दुसरं काम मात्र कुणाच्या हिशेबात नाही. या प्रकरणात ते हिशेबात घ्यायचं आहे.

पार्श्वसंगीत म्हणजे काय, हे चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातली आमची माजरी तशी कोळशाची आणि कापसाची, झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याच्या, सीमेबाहेरची. पण ब्रह्मपुरी, सिंदेवाही, वडसा या बाजूला सोयरीक नाही असं घर आमच्याकडे शोधावं लागेल. दिवाळीनंतर तिकडे मंडई आणि शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, निमित्ताने रात्र-रात्र नाटकं चालतात. रंगमंचापुढे वादक बसलेले असतात : ऑर्गन, तबला, अलीकडे ऑक्टोपॅड. खलनायक विंगेतून निघाला की ऑर्गनवाल्याची बोटं खालच्या सप्तकात उतरतात. बाप मुलीला निरोप देताना गप्प उभा राहिला की तबला थांबतो. वादकाची नजर पेटीवर नसते, नटावर असते. एखाद्या रात्री नटाने वाक्य लांबवलं, तर तोही सूर लांबवतो. सिनेमाच्या संगीतकाराला हेच करायचं असतं, फक्त त्याचा नट पडद्यावर असतो आणि कुणासाठी थांबत नाही.

देसाईंच्या गावाकडेही असाच प्रकार होता. त्यांचा जन्म 1912चा, सावंतवाडी संस्थानातल्या कुडाळजवळच्या सोनवड्याचा. आजोबा कीर्तनकार. कीर्तनकाराच्या घरात वाढणाऱ्या मुलाला एक गोष्ट कानावाटे आपोआप समजते : बोलणं कुठे संपतं आणि गाणं कुठे सुरू होतं, आणि त्या दोहोंच्या मध्ये झांजेचा एकच ठोका किती काम करतो. शिवाय तो मुलूख दशावताराचा. देवळाच्या जत्रेत रात्री उभा राहणारा तो खेळ पायपेटी, पखवाज आणि झांज या तीन वाद्यांवर चालतो. राक्षस आला की पखवाज बोलतो. लिहिलेली संहिता नाही, त्यामुळे वादकाला नटाचा अंदाज घेतच वाजवावं लागतं. हे शिक्षण देसाईंना कुठल्या संगीत विद्यालयात मिळालं नसतं.

कोल्हापुरात 1 जून 1929 रोजी प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली आणि हा सतरा वर्षांचा मुलगा तिथे जाऊन चिकटला. सिनेमा तेव्हा मुका होता. प्रभातच्या 1930 सालच्या 'खुनी खंजर' या मूकपटात त्याने कामही केलं. पुढच्याच वर्षी, 14 मार्च 1931 रोजी, मुंबईत 'आलम आरा' लागला आणि हिंदुस्थानचा पडदा बोलायला, म्हणजे खरं तर गायला लागला. 1932मध्ये प्रभातने 'अयोध्येचा राजा' काढला, तो पहिला मराठी बोलपट. हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे आणि संगीतही त्यांचंच. देसाईंनी त्यात छोटं काम केलं, गायलेही. पुढे दहा वर्षं हेच चाललं : पडेल ते काम, कधी तोंडाला रंग, कधी कोरसात आवाज, कधी संगीत विभागात मदतनीस. सोबतीला उस्ताद मंडळींकडे गायकीची रीतसर तालीम. टेंबे, केशवराव भोळे, मास्टर कृष्णराव, अशा तीन अगदी वेगळ्या स्वभावाच्या संगीतकारांच्या हाताखाली ते राहिले.

त्यांच्या चरित्रात मला हा काळ सगळ्यांत मोलाचा वाटतो. त्या पिढीतले बरेच संगीतकार मैफिलीतून किंवा नाटकातून सिनेमात आले. चाल बांधण्यात ते आधीच तयार होते, सिनेमा मात्र त्यांना नवीन होता. देसाई उलट्या वाटेने आले. दिवा कुठे ठेवतात, नट कॅमेऱ्यासमोर का अवघडतो, एकच प्रसंग पाच तुकड्यांत का घेतात आणि ते तुकडे नंतर टेबलावर कसे जोडतात, हे सगळं त्यांनी चाल बांधायला बसण्याआधी पाहिलं होतं.

या तिघांपैकी भोळ्यांपाशी जरा थांबायला हवं, आणि ते केवळ आमच्या विदर्भाचे, अमरावतीत जन्मलेले, म्हणून नव्हे. डॉक्टरकीचं शिक्षण सोडून संगीताकडे वळलेला हा माणूस अत्यंत चिकित्सक होता. 'एकलव्य' आणि 'शुद्धसारंग' या नावांनी त्यांनी गायक-गायिकांवर लिहिलेलं आजही वाचण्यासारखं आहे. प्रभातमध्ये त्यांनी पियानो, व्हायोलिन, हवाईयन गिटार ही वाद्यं आणली. पण त्यांचं सगळ्यांत धाडसी काम म्हणजे 1937चा 'कुंकू'. नारायण हरी आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा हा चित्रपट, दिग्दर्शक व्ही. शांताराम. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा हे लग्न मानायलाच नकार देते, एवढीशी गोष्ट. यात पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. जे ऐकू येतं ते त्या घरातलंच : भिंतीवरचं घड्याळ, पावलं, ग्रामोफोन, रस्त्यावरचे आवाज. नीरा झालेल्या शांता आपटे गातात तेव्हाही साथीला प्रसंगात असलेल्याच वस्तूंचा आवाज. 1937मध्ये, बोलपट येऊन अवघी सहा वर्षं झालेली असताना आणि लोक गाण्यांसाठीच तिकीट काढत असताना, एका संगीतकाराने वाद्यवृंद बाहेर बसवला. या माणसाच्या हाताखाली काम केलेल्या देसाईंना, काय वाजवायचं नाही हाही प्रश्न असतो, हे वेळीच कळलं असणार. पुढचं त्यांचं काम पाहता मी हे खात्रीने म्हणतो.

बाहेरच्या जगात तेव्हा याच्या उलट वारं होतं. अमेरिकेत 1933 साली 'किंग काँग' आला आणि मॅक्स स्टायनर या व्हिएन्नाच्या संगीतकाराने त्या राक्षसी वानराच्या पावलापावलाला वाद्यवृंद जोडला. हॉलिवूडला ते इतकं मानवलं की पुढची वीस वर्षं पडद्यावर कुणी जिना उतरला तरी व्हायोलिनं उतरायची. आपल्याकडचे स्टुडिओ हे सिनेमे बघत होतेच. 'कुंकू' त्यांच्या रांगेत ठेवून पाहिला की भोळे आणि शांताराम यांची छाती किती मोठी होती ते लक्षात येतं.

शांताराम 1942मध्ये प्रभातमधून बाहेर पडले आणि मुंबईत परळला त्यांनी राजकमल कलामंदिर उभं केलं. देसाई त्यांच्याबरोबर आले. राजकमलचा पहिला चित्रपट 'शकुंतला' 1943चा. मुंबईत तो शंभराहून अधिक आठवडे चालला आणि संगीतकार म्हणून देसाईंचं नाव झालं. मग 1946चा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी', सोलापूरच्या त्या डॉक्टरवरचा, ज्याने चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करता करता प्राण सोडला. 1947चा 'लोकशाहीर राम जोशी', लावणीचा. 1951चा 'अमर भूपाळी', होनाजी बाळाचा, जो पुढच्या वर्षी कानच्या महोत्सवात स्पर्धेत होता. 1953चा आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई', ज्याला राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. कालिदासाचं तपोवन, चीनची रणभूमी, पेशवाईतला फड आणि कोकणातलं गरीब घर, ही चार जगं दहा वर्षांत एकाच माणसाने ऐकवली. यातल्या प्रत्येकाची गाणी वेगळी आहेत हे सगळेच सांगतात. पण गाण्यांच्या मधली जागाही प्रत्येक सिनेमात वेगळी आहे. 'श्यामची आई' पाहताना बघा, आई-मुलाच्या बोलण्यात वाद्यं फार लुडबुड करत नाहीत.

आता या कामाची रीत. गाणं आणि पार्श्वसंगीत यांच्यातला मोठा फरक क्रमाचा आहे. गाणं आधी ध्वनिमुद्रित होतं, मग त्याच्यावर ओठ हलवत चित्रण होतं. म्हणजे कॅमेरा संगीताच्या मागे चालतो. पार्श्वसंगीत सगळ्यांत शेवटी येतं. चित्रण झालेलं असतं, संकलकाने कात्री चालवलेली असते, प्रदर्शनाची तारीख छातीवर बसलेली असते, निर्मात्याचे पैसे संपत आलेले असतात. अशा वेळी संगीतकाराला एकेक रीळ दाखवतात आणि तो दिग्दर्शकाशेजारी बसून टिपणं घेतो : इथे शिरायचं, इथे निघायचं, इथे काही नको. या वेळी संगीत कॅमेऱ्याच्या मागे धावत असतं.

फिल्म सेकंदाला चोवीस चौकटी पळते. 35 मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी, म्हणजे मिनिटाला नव्वद फूट. त्या काळी लांबीचा हिशेब फुटांतच चाले. समजा, एक प्रसंग साठ फुटांचा आहे. म्हणजे चाळीस सेकंद. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत सोळा मात्रांचा तीनताल घेतला तर चाळीस सेकंदांत 80 मात्रा बसतात, बरोबर पाच आवर्तनं. प्रसंग संपतो तिथे सम येते. छान जमलं! मग संकलक संध्याकाळी येऊन सांगतो की नायिकेचा एक चेहरा कापला, तीन सेकंद कमी झाली. तीन सेकंद म्हणजे सहा मात्रा. आता सम पडद्यावर नवा प्रसंग सुरू झाल्यावर पडणार, कुणाच्या तरी जेवणाच्या ताटात. मग लय बदला, नाहीतर तुकडा तोडा, नाहीतर तिहाई अशी बांधा की ती चौऱ्याहत्तराव्या मात्रेवर सुटेल. मैफिलीत समेवर येणं ही गवयाची मर्जी असते. इथे ती कात्रीची मर्जी असते. रागसंगीतात वाढलेल्या माणसाला हा जाच किती झाला असेल!

वादकांचं काम याहून अवघड. मोठ्या दालनात पन्नास-साठ जण बसलेले, समोर पडद्यावर प्रसंग मुक्यानेच चालू, आणि सगळ्यांनी एकदम वाजवायचं. एकाचा सूर चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून. वेगवेगळे ट्रॅक घेऊन नंतर जोडण्याची आजची सोय तेव्हा नव्हती. मुंबईच्या स्टुडिओंत व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवणारे बहुतेक गोव्याचे, तिथल्या चर्चच्या संगीतशाळांत पाश्चात्त्य स्वरलिपी शिकून आलेले. शेजारी सारंगी, सतार, बासरीवाले, कुठल्या तरी घराण्यात मांडी घालून शिकलेले, कागदाकडे न बघणारे. संगीतकार गुणगुणून सांगणार, संयोजक ते कागदावर उतरवणार, अर्धे वादक वाचून वाजवणार आणि अर्धे ऐकून. हिंदी सिनेमाच्या संगीताला जो कुठेच न सापडणारा आवाज आहे, तो या दोन बैठका एकाच दालनात बसल्यामुळे आलेला आहे.

देसाईंचा कल भारतीय वाद्यांकडे होता. 1955 साली राजकमलने 'झनक झनक पायल बाजे' हा रंगीत नृत्यपट काढला. नायक गोपीकृष्ण, स्वतः कथकचे नर्तक, तबल्यावर सामताप्रसाद, शीर्षकगीत अडाणा रागात, गायला उस्ताद अमीर खाँ. एवढी मोठी नावं असताना एका सतरा वर्षांच्या मुलाची हकीकत मला जास्त महत्त्वाची वाटते. जम्मूचा शिवकुमार शर्मा त्या वर्षी मुंबईत एका संगीत संमेलनात संतूर वाजवून गेला होता. काश्मीरच्या सूफियाना मैफिलींपलीकडे हे वाद्य तेव्हा कुणाला फारसं माहीत नव्हतं, आणि त्यावर राग वाजतो हे मान्य करायलाही जाणकार तयार नव्हते. शांतारामांच्या कानावर हे गेलं आणि त्या मुलाला 'झनक झनक'च्या पार्श्वसंगीतात संतूर वाजवायला बोलावलं गेलं. संतूर हिंदी सिनेमात आलं ते असं, गाण्यातून नव्हे तर गाण्यांच्या मधल्या जागेतून. पार्श्वसंगीताला हा एक फायदा असतो. गाण्यात नवखं वाद्य घातलं तर लोक विचारतात हे काय. प्रसंगामागे ते गुपचूप खपून जातं.

एरवी 'झनक झनक'चं पार्श्वसंगीत मला जड वाटतं, हेही सांगून टाकतो. रंग भडक, सजावट भडक आणि संगीतानेही त्यांच्याशी स्पर्धा मांडलेली. भोळ्यांचा शिष्य त्यात कमी दिसतो.

दोनच वर्षांनी, 1957मध्ये, तोच दिग्दर्शक आणि तोच संगीतकार यांनी 'दो आँखें बारह हाथ' केला आणि सगळं बदललं. रंग गेले, सजावट गेली. औंध संस्थानात स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत होती. त्या प्रयोगावरून गदिमांनी कथा लिहिली. खुनाच्या गुन्ह्यातले सहा कैदी, एक जेलर, एक ओसाड माळ. संध्या खेळणी विकणारी. माळावर चालणाऱ्या गोष्टीत मोठा वाद्यवृंद आणला तर तो परका वाटणार. देसाईंनी ते ओळखलं. कामाची लय, माळाची शांतता, खेळणीवालीच्या वस्तूंचे आवाज यांना त्यांनी जागा दिली. पाऊस येतो तेव्हाचं गाणं त्यामुळेच अंगावर येतं, कारण तोवर कान कोरडे ठेवलेले असतात. चित्रपटाला बर्लिनमध्ये 1958 साली रौप्य अस्वल मिळालं. त्यातली भरत व्यासांनी लिहिलेली, लताबाईंनी गायलेली प्रार्थना आज देशभरच्या शाळांत म्हणतात. माजरीच्या कोळसा वसाहतीतही मुलांच्या तोंडी ती आहे आणि ती सिनेमातली आहे हे त्यातल्या अनेकांना माहीत नसतं. 1971च्या 'गुड्डी'तली प्रार्थनाही अशीच शाळांत जाऊन बसली. एका संगीतकाराच्या दोन चाली परिपाठात लागाव्यात, हे दुसऱ्या कुणाच्या नशिबी आलेलं मला आठवत नाही.

यानंतर शांतारामांनी 'नवरंग'साठी सी. रामचंद्रांना घेतलं आणि राजकमलचं ते जुनं घट्ट नातं सैल झालं. 'लडकी सह्याद्री की'साठी देसाई परत आले, पण ते नंतर. स्टुडिओचा पगारी संगीतकार आणि मोकळा संगीतकार यांच्या आयुष्यात मोठा फरक असतो. स्टुडिओत वादक, दालन आणि वेळ घरचा असतो. बाहेर पडलं की प्रत्येक निर्माता नवा. 1959ला विजय भट्टांचा 'गूँज उठी शहनाई' मिळाला. बिस्मिल्ला खाँ साहेबांची शहनाई त्यात नायकाच्या तोंडी, म्हणजे हातात, दिली. गाणी घरोघर गेली. त्या यशानंतर कामांची रीघ लागायला हवी होती, ती लागली नाही. शंकर-जयकिशन, नौशाद, ओ. पी. नय्यर यांच्या बाजारात देसाईंना पौराणिकपट आले, मुलांचे सिनेमे आले. 'संपूर्ण रामायण' आलं. त्यांनी ते मन लावून केलं. मधल्या काळात त्यांना मराठी रंगभूमीने हात दिला : विद्याधर गोखल्यांचं 'पंडितराज जगन्नाथ', 'जय जय गौरीशंकर'. शाळांतल्या हजारो मुलांना एका वेळी, एका सुरात गायला लावण्याचं वेडही याच काळातलं.

1964मध्ये सुनील दत्तने 'यादें' काढला. पडद्यावर सबंध वेळ एकच नट, स्वतः दत्त. घरी येतो, बायको-मुलं सोडून गेलेली आहेत असं समजतो आणि रात्रभर त्या रिकाम्या घरात स्वतःशी झगडतो. शेवटी नर्गिसची नुसती सावली. बाकी माणसं फक्त आवाजांतून येतात. संगीतकाराच्या दृष्टीने यासारखी परीक्षा नाही. एरवी पार्श्वसंगीत नटाला आधार देतं. इथे त्यालाच नट व्हावं लागतं, कारण समोर दुसरं पात्रच नाही. सिनेमा मला सगळाच पटत नाही, दत्तचा अभिनय जागोजागी ओसंडतो. पण घर, वस्तू आणि आठवणी यांना आवाजाने माणूसपण देण्याचं काम ज्या हिंमतीने झालंय ते 'कुंकू'च्या वाटेवरचंच आहे.

हृषीकेश मुखर्जींना देसाईंचा स्वभाव मानवला. 'आशीर्वाद'मध्ये (1968) अशोककुमारच्या तोंडी आगगाडीचं गाणं आहे, शब्द हरींद्रनाथ चट्टोपाध्याय यांचे. चालीपेक्षा त्यात ठेका जास्त; स्टेशनांची नावं धडधडत येतात, गाडी वेग घेते आणि धापा टाकत थांबते. माजरी जंक्शनवर आयुष्य गेलेल्या माणसाचा शब्द घ्या, गाडी सुटतानाची लय अशीच वाढते, मात्रेने नाही, धक्क्याने. 'गुड्डी'त वाणी जयराम यांना हिंदी सिनेमात पहिली संधी देसाईंनी दिली. त्याआधी त्यांच्याकडून मराठीत गाऊन घेतलं होतं. मियाँ मल्हारातलं ते एक गाणं त्या बाईंना देशभर घेऊन गेलं. आणि मग 'अचानक'. पळणारा माणूस, इस्पितळाची खोली, आठवणी आणि फाशीची वाट. चाल बांधून दाद घेण्याची एकही जागा नाही, तरी साठी ओलांडलेल्या देसाईंनी ते काम घेतलं, हे मला त्यांच्या कुठल्याही लोकप्रिय गाण्यापेक्षा जास्त बोलकं वाटतं.

सिनेमाबाहेरचं एक काम इथे सांगायला हवं, कारण त्यात स्वतः मागे राहण्याचा हाच गुण दिसतो. ऑक्टोबर 1966मध्ये एम. एस. सुब्बुलक्ष्मी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेपुढे गायल्या. शेवटी त्यांनी विश्वशांतीची एक संस्कृत रचना म्हटली, कांची कामकोटी पीठाच्या शंकराचार्यांनी लिहिलेली. तिची चाल वसंत देसाईंची. कर्नाटक संगीतातली सर्वांत मोठी गायिका, संस्कृत शब्द, न्यूयॉर्कचे श्रोते, आणि चाल एका कोकणी माणसाची, ज्याने ती अशी साधी ठेवली की शब्दांच्या वाटेत ती कुठे आडवी येत नाही. दक्षिणेत आजही ती गातात. देसाईंचं नाव तिथेही फार जणांना ठाऊक नसतं.

22 डिसेंबर 1975 रोजी मुंबईत, दिवसभराचं ध्वनिमुद्रण आटोपून घरी परतल्यावर, राहत्या इमारतीतल्या लिफ्टच्या अपघातात ते गेले. वय 63. हातातली कामं तशीच राहिली. 'शक' त्यांच्या मागे, 1976ला आला.

नंतर सव्वा वर्षाने, मार्च 1977मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की निर्मात्याने पैसे देऊन सिनेमासाठी करवून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माताच. भांडण संगीतकारांची संस्था आणि चित्रपट निर्माते यांच्यातलं होतं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर निकालाशी सहमत झाले, पण कलावंताच्या वाट्याला काहीच उरत नाही याबद्दलची बोच त्यांनी स्वतंत्रपणे लिहून ठेवली. कायदा बदलायला 2012 उजाडलं. त्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराचा स्वामित्वधनातला वाटा असा पक्का केला की तो लिहून देऊनही टाकता येत नाही.

याचा देसाईंच्या कामाशी संबंध असा. आपल्या कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर 60 वर्षं टिकतो, म्हणून 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट म्हणून 2017 अखेर सर्वांचा झाला. संगीतरचनेचा हक्क मात्र संगीतकाराच्या मृत्यूनंतरच्या 60 वर्षांवर मोजतात. देसाईंच्या बाबतीत तो 2035च्या डिसेंबरअखेर संपेल. गाण्यांच्या तबकड्या निघाल्या, त्यामुळे त्यांचा हिशेब कुठे ना कुठे लागतो. पार्श्वसंगीताच्या तबकड्या कुणी काढल्या नाहीत. ते फक्त सिनेमाच्या फितीवर, संवाद आणि पावलांच्या आवाजात मिसळलेलं आहे, आणि ऐकायचं तर 'अचानक' लावून, पडद्याकडे पाठ करून बसावं लागतं.